पुढचा ठिपका

थोरल्याला चालायचा भारी कंटाळा. उभा जन्म काचा वाहण्यात गेला, आता आणखी पाय कशाला झिजवायचे, असं त्याचं सरळ म्हणणं. घर काचेच्या दुकानाच्या डोक्यावरच होतं, त्यामुळे कामावर जायचं म्हणजे एक जिना उतरायचा. लग्नाचं राहूनच गेलेलं. दूध, भाजी, पेपर, सगळं गल्लीत हाकेच्या अंतरावर. अशा माणसाने साठी उलटल्यावर नवे कोरे बूट घेतले आणि दुकान उघडायच्या आधी मैदानाला फेऱ्या मारायला लागला, तेव्हा गल्लीला बोलायला विषय मिळाला. समोरचा न्हावी तर रोज वस्तरा हातात घेऊन दारात यायचा.

“काय काका, मुलगी बघायला निघालात की काय?”

“तुझ्याकडे दाढी करून गेलो तर मुलगी पळून जाईल. तू आपलं गिऱ्हाईक बघ,” थोरला म्हणायचा आणि न थांबता पुढे जायचा.

खरं कारण त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय? सात वर्षं ज्या सख्ख्या भावाचं तोंड बघितलं नाही, त्याला गाठायला निघालोय, आणि तेही फोनमध्ये!

हे सगळं घडवून आणलं होतं धाकट्याच्या मुलीने. दोन्ही घरांत जाणारी-येणारी अशी ती एकटीच. गावाबाहेर जे सेवाघर आहे, म्हणजे ज्यांच्या दुखण्यावर आता औषध उरलेलं नाही अशांना शेवटचे दिवस बरे जावेत म्हणून ठेवतात ते घर, तिथे ती नोकरीला. थोरल्या-धाकट्याची आई तिथेच गेली. सेवाघराला नव्या खाटा हव्या होत्या, म्हणून त्यांनी चालण्याचा उपक्रम काढला. फोन खिशात ठेवायचा आणि आपापल्या गल्लीत चालायचं. तेवढंच अंतर फोनमधल्या नकाशावर आपला ठिपका पुढे सरकतो, कुठल्याशा लांबच्या देशातल्या समुद्राकाठच्या पायवाटेने, पार टोकाच्या दीपगृहापर्यंत. ओळखीपाळखीच्यांनी त्या चालण्यावर देणगी लावायची. मात्र वाट पुरी झाली पाहिजे, अर्ध्यात सोडलेल्याला कोण देणार?

“काका, आजीच्या खोलीसाठी चाला,” पुतणी म्हणाली होती. तिने स्वतःच त्याच्या फोनमध्ये सगळं भरून दिलं. ती गेल्यावर थोरल्याने नकाशा उघडून बघितला, तर सुरुवातीच्या कड्यावर त्याचा ठिपका, आणि बऱ्याच पुढे, वळणापाशी, दुसरा. त्या ठिपक्यावर बोट ठेवलं की चालणाऱ्याचा फोटो मोठा व्हायचा. धाकटा! टक्कल पडलं होतं लेकाच्याला. थोरल्याला आधी बरं वाटलं. मग त्याने चष्मा पुसून फोटो पुन्हा मोठा केला, आणि त्या दिवशी दुकान उघडायला उशीर झाला.

दोघं पाठीला पाठ लावून आलेले. बापामागे दुकान दोघांनी मिळून चालवलं. थोरला हिरकणीने काच कापायचा, धाकटा गिऱ्हाइकाशी गोड बोलायचा. मोठी काच पोचवायची असली की पुढे धाकटा आणि मागे थोरला, ही जागा ठरलेली. मग तयार खिडक्या करणारा एक कारखाना आला आणि धाकटा म्हणाला, “दादा, आपले दिवस गेले, चल तिकडे.” थोरला म्हणाला, “बापाचं दुकान बंद करून मी नोकर होणार नाही.” धाकटा गेला, आणि जाताना जुनी गिऱ्हाइकंही त्याच्यामागे गेली. त्याने नेली की ती आपण होऊन गेली, हा वाद कधी मिटला नाही. आई सेवाघरात होती तेव्हा एक सकाळी जाऊन बसायचा आणि दुसरा संध्याकाळी, एकमेकांची सावली पडायला नको म्हणून. ती गेली त्या दिवशी मात्र दोघं फाटकात समोरासमोर आले आणि थोरला नको ते बोलून बसला. काय बोलला ते त्याला पुढे धड आठवतही नव्हतं. बोलणाऱ्याला कुठलं आठवायला! त्यानंतर दुकानात धाकट्याचं नाव काढायची बंदी झाली. काच बसवायची पुटी आणि पट्ट्या पुरवणारा व्यापारी धाकट्याच्या कारखान्यालाही माल द्यायचा, पण इकडे आला की चुकूनही तिकडची गोष्ट काढायचा नाही.

आता ह्या अशा माणसाला पुढचा ठिपका दिसला. मग काय विचारता!

पहिल्यांदा फक्त राग होता. मला सोडून पुढे गेलास, इथेही पुढेच का? थोरला हट्टाने चालायला लागला. सकाळी मैदान, दुपारी गिऱ्हाईक नसलं की नदीपर्यंत, संध्याकाळी बाजारातून उगाच लांबचा रस्ता. पोटऱ्या भरून यायच्या. पण रात्री नकाशा बघितला की धाकट्याचा ठिपकाही पुढे सरकलेला असायचा. थोरला जास्त चालला की तोही जास्त चालायचा. म्हणजे तोही मागे वळून बघतोय, हे कळायला थोरल्याला वेळ लागला नाही. मग रागाचं हळूहळू वेगळंच काहीतरी व्हायला लागलं. “आज पठ्ठ्या खाडीचा पूल उतरला,” असं तो भाजी चिरताना एकटाच बोलायचा. “उतरू दे. पुढे चढ आहे. चढावर त्याला धाप लागते, मला माहीत आहे.” इतक्या वर्षांनी त्याला संध्याकाळी बोलायला कुणीतरी मिळालं होतं. फोन लावायचा मात्र त्याने विचारही केला नाही. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशातली गत.

असं करत करत त्याने अंतर पुष्कळ तोडलं. धाकटा आता अगदी नजरेच्या टप्प्यात आला होता, एखाद्या दिवसाचं जोरात चालणं काय ते मधे उरलं होतं. आणि नेमका तेव्हाच थोरल्याचा गुडघा सुजला. दुखणं अंगावर काढायची सवय, पण ह्या वेळी पाय टेकवेना. दुकान बंद ठेवून तो पडून राहिला. धाकटा आता कितीतरी पुढे निघून जाणार, हाच घोर लागला होता. दुसऱ्या दिवशी त्याने धीर करून नकाशा उघडला.

धाकट्याचा ठिपका जागचा हलला नव्हता.

त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. एका छोट्या वाडीच्या अलीकडे, समुद्राकडे तोंड करून, तो नुसता उभा होता. थोरला पडल्या पडल्या त्या ठिपक्याकडे बघत राहिला, आणि एकदम त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते का आलं, हे ज्याने कधी मोठी काच वाहिली असेल त्यालाच कळेल. दोघांनी काच नेताना बोलायचं नसतं. बोललं की अंग हलतं, अंग हललं की काच हलते. पुढच्याने मागे वळून बघायचं नसतं. मागचा दमला, त्याची पकड ढिली व्हायला लागली, की ते काचेतूनच पुढच्याच्या तळहाताला कळतं. मग पुढचा काही न विचारता थांबतो. मागच्याने दम खायचा, पकड नीट करायची. ती झाली की तेही पुढच्याला कळतं, आणि दोघं चालू लागतात. बापाने दोघांना हे एकही शब्द न सांगता शिकवलं होतं. आता थोरल्याने अंथरूण धरलं, आणि त्याच दिवशी धाकटा थांबला. कुणी कळवलं होतं त्याला? कुणीच नाही. पुतणीसुद्धा त्या आठवड्यात फिरकली नव्हती.

“थांबलाय माझ्यासाठी,” थोरला म्हणाला. “त्याला कळलं.”

दुसरा कुणी असता तर त्याच क्षणी उठून, लंगडत का होईना, पुलापलीकडे भावाच्या घरी गेला असता. निदान फोन तरी लावला असता. पण हा थोरला! त्याला एक भलतंच सुख सापडलं. सात वर्षं ज्याची वाट बघितली तो आता आपली वाट बघतोय, हे सुख. गुडघा बरा झाला. तो चालायला लागला, पण मुद्दाम रमतगमत. कधी दुकानापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत. कधी नुसता न्हाव्याकडे जाऊन गप्पा.

“काका, वेग कमी झाला,” न्हावी म्हणाला. “मुलीने नकार दिला वाटतं?”

“उलट,” थोरला मिशीत हसत म्हणाला. “तिकडून होकार आलाय. आता आपण थोडा भाव खायचा.”

रोज रात्री तो नकाशा बघायचा. ठिपका तिथेच. थांब लेका, थांब, अजून थोडा झुर. मग गाठ पडली की मी काय म्हणणार ते ठरलेलं आहे. ‘काय रे, दमलास?’ एवढंच म्हणणार. तोच काहीतरी उलटं बोलेल, मग मी बोलेन, मग होईल सगळं सुरळीत. मधे एकदा पुटीवाला व्यापारी आला. माल उतरवून झाल्यावरही तो उगाच बसून राहिला, चहा घेतला, दोनदा घसा खाकरला.

“काय रे, पैसे हवेत का?” थोरल्याने विचारलं.

“नाही, नाही. तुमची तब्येत बरी ना?”

“मला काय झालंय? घोड्यासारखा चालतोय.”

व्यापारी कप ठेवून निघून गेला.

शेवटी थोरल्याचाच धीर सुटला. एका सकाळी त्याने निश्चय केला, नदीकाठाने दणादण चालला आणि दुपारच्या आत त्याचा ठिपका धाकट्याच्या ठिपक्याला जाऊन टेकला. दोन्ही फोटो एकावर एक आले; मधे अजून थोडं अंतर होतं, पण नकाशावर ते दिसतही नव्हतं. थोरल्याने तिथेच रस्त्यात उभं राहून बघितलं. मग घरी जाऊन आंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पुलावरून पलीकडे निघाला. इतके दिवस चालून समुद्राचा एवढा काठ तुडवला, आणि भावाच्या दारापर्यंत जाताना नकाशावरचा ठिपका हलल्यासारखाही वाटला नाही, इतकं ते अंतर थोडं होतं.

दार धाकट्याच्या बायकोने उघडलं. थोरला तिच्याकडे नीट बघायलासुद्धा थांबला नाही. इतके दिवस घोकलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. तिच्या खांद्यावरून आत बघत तो मोठ्याने म्हणाला, “काय रे, दमलास?”

ती दाराला धरून उभी राहिली.

“कुणाला विचारताय, भाऊजी?”

तिचा आवाज ऐकून त्याने आता तिच्याकडे बघितलं. मग खोलीकडे. खुर्चीवर पुरुषाच्या कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं होतं, आणि त्यावर चालायचे बूट, तळ झिजलेले.

“ते गेले,” ती म्हणाली. “महिना होऊन गेला.”

 थोरल्याला वाटलं, धाकटा घर सोडून गेला असं ती सांगतेय. मग आतून पुतणी आली. त्याला बघून तिचा चेहरा असा काही झाला की त्याला पुढचं विचारावं लागलं नाही.

“सकाळपासून छातीत दुखत होतं,” धाकट्याची बायको सांगत होती. ती रडत नव्हती. तिचं सगळं रडून झालं होतं, आता फक्त सांगायचं उरलं होतं. “मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाले, म्हातारा जवळ आलाय, आज बसलो तर उद्या पुढे जाईल. बूट घातले आणि गेले. परत आले ते पायरीवरच बसले. मी पाणी आणायला आत गेले तेवढ्यात.”

“मला कळवलं नाहीत?” थोरल्याचा आवाज फुटला. “अगं, सख्खा भाऊ मी! मला कळवायचं नाही?”

“तुम्हीच नको म्हणाला होतात.”

“मी?”

“सासूबाई गेल्या त्या दिवशी. सेवाघराच्या फाटकात. तू मेलास तरी मला कळवायचं नाही, असं म्हणालात. मी तिथेच उभी होते, ही पण होती.”

“रागात म्हणालो असेन! रागात बोललेलं कुणी धरून बसतं का?”

“आम्ही तुमचं सगळं ऐकत आलो, भाऊजी. हेही ऐकलं.”

पुतणी खाली बघून म्हणाली, “मी दोनदा तुमच्या गल्लीपर्यंत आले होते, काका. तुम्ही न्हाव्याच्या दुकानात हसत बसला होतात. मला नाही जमलं.”

थोरला पायरीवर बसला, आणि मग ही कुठली पायरी हे लक्षात येऊन धडपडत उठला. आपण त्याला वाट बघायला लावत होतो, भाव खात होतो, आणि वाट बघायला तो होताच कुठे? हे त्याच्या मनात शिरलं आणि बाहेर निघेना. तो तसाच पुलावरून परत आला.

त्यानंतर त्याने चालणं सोडलं. दुकान उघडायचा, पण काच कापायला घेतली की माप विसरायचा, आणि चुकल्या मापाने हिरकणी चालवली तर काच वाया जाते. न्हावी दोन दिवस चेष्टा करून बघून गप्प झाला. व्यापाऱ्याकडून त्याला सगळं कळलं होतं, तो संध्याकाळी मुकाट्याने जेवणाचा डबा आणून ठेवायचा. पुतणी एकदा येऊन बसली.

“वाट पुरी करा, काका. थोडीच उरलीय. अर्ध्यात सोडलीत तर ज्यांनी देणगी लावलीय ते देणार नाहीत.”

“त्याला मागे टाकून जाऊ?”

“हो.”

“त्याचा फोन मला दे. दोन्ही खिशात ठेवतो, दोघं पुरी करतो.”

“हे मी आधीच आईला विचारलं होतं,” ती हळू म्हणाली. “ती म्हणते, ते जिथवर गेले तिथवर गेले. आता दुसऱ्याने त्यांना उचलून नेऊ नये.”

पुढच्या दोन दिवसांत थोरला जेवढा भांडला स्वतःशी, तेवढा धाकट्याशीही कधी भांडला नव्हता. मग तो निघाला. मैदानाला वळसा घालताना खिशात फोन थरथरला. त्याने काढून बघितला. ‘शाब्बास! तुम्ही तुमच्या जोडीदाराला मागे टाकलंत!’ असं लिहून आलं होतं, आणि पडद्यावर रंगीबेरंगी कागद उडत होते. थोरला भर मैदानात हुंदके देऊन रडला. आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. फिरायला आलेले लोक त्याला वळसा घालून जात होते.

उरलेली वाट त्याने कशी काढली ते विचारू नये. पुढे कुणीही नसलेल्या रस्त्यावर चालायची त्याला सवय नव्हती. दीपगृह आलं तेव्हा तो भाजीबाजारात उभा होता, आणि मागच्या बाईने “काका, सरका की” म्हणून त्याला ढकललं. सेवाघरात छोटासा समारंभ झाला. वाट पुरी केलेल्यांना पदकं दिली, नव्या खाटा दाखवल्या. एक खाट आईच्या खोलीत, खिडकीपाशी. त्या खिडकीची काच दोघा भावांनीच कधीकाळी बसवली होती, हे तिथे कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्याने सांगितलंही नाही. धाकट्याची बायको आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला नेहमीच्या वेळी जाग आली. चालायचं काही उरलं नव्हतं. तरी त्याने बूट घातले, पदक खिशात टाकलं आणि फोन घरीच ठेवून पुलापलीकडे गेला. भावाच्या घरासमोर, रस्त्याच्या ह्या बाजूला, तो उभा राहिला. दार वाजवायचं धाडस होईना. खिडकीत धाकट्याची बायको दिसली. तिनेही त्याला बघितलं. थोरला तसाच उभा. ती आत गेली, बऱ्याच वेळाने पुन्हा खिडकीत आली, तरी हा तिथेच.

शेवटी दार उघडून ती बाहेर आली. त्याने घाईघाईने रस्ता ओलांडला आणि पदक पुढे केलं.

“हे त्याचं आहे. घे.”

तिने बघितलं, पण हात पुढे केला नाही.

“त्यांचं कसं? ते हरले. तुम्ही जिंकलात. हे त्यांना तोंडावर सांगायला यायचं होतंत, भाऊजी. फसवून जिंकलास म्हणून तासभर भांडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं.” इतका वेळ कोरडा असलेला तिचा आवाज इथे ओला झाला. “त्या भांडणाचीच तर वाट बघत होते ते.”

थोरल्याचा हात पदकासकट तसाच राहिला. त्याने मान खाली घातली, पण तो जाईना.

तिने डोळे पुसले आणि दारातून बाजूला झाली.

“आत या, नाहीतर जा,” ती म्हणाली. “पण असं नुसतं उभं राहू नका.”

थोरल्याने बूट काढले आणि तो आत गेला.